केसपेपरवरचा राहिलेला रकाना
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



दंतवैद्याच्या भीतीवर तासभर व्याख्यान कशाला, असा प्रश्न कार्यक्रमपत्रिका वाचताना काहींना पडला असेल. विषय घरगुती वाटतो, थोडा हसण्यावारी नेण्याजोगाही वाटतो. चार माणसे जमली की दाढ काढल्याचे किस्से रंगवून सांगितले जातात आणि शेवटी ‘एवढ्याला काय घाबरायचं!’ या वाक्यावर गप्पा मिटतात. माझे आजचे म्हणणे या वाक्याच्या विरोधात आहे. ही भीती म्हणजे ज्याच्या त्याच्या हिमतीचा प्रश्न, असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच घोडे अडते. भीती कशी तयार होते, कशावर पोसली जाते आणि कशाने उतरते, याबद्दल गेल्या पन्नास वर्षांत बरेच ठोस असे कळलेले आहे. त्या सगळ्याचा मथितार्थ असा की धीर एकवटून ती सहसा जात नाही. खुर्चीभोवतीची व्यवस्था बदलली की उतरते. ही व्यवस्था निम्मी रुग्णाच्या हातात असते, निम्मी दंतवैद्याच्या. एवढे एकच विधान आज पुराव्यानिशी मांडायचे आहे, आणि त्यावर जे आक्षेप येतील त्यांना उत्तरेही द्यायची आहेत.

आधी थोडा इतिहास पाहू, कारण तो पाहिल्याशिवाय कोडे समजणार नाही. माणसाला शस्त्रक्रियेत दुखू नये ही खटपट ज्यांनी सर्वांत आधी केली, त्यांत दंतवैद्य पुढे होते. अमेरिकेत हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाचे दंतवैद्य होते. डिसेंबर १८४४ मध्ये त्यांनी नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगून स्वतःचीच दाढ एका सहव्यावसायिकाकडून काढून घेतली. पुढच्याच महिन्यात बोस्टनला त्यांनी केलेले जाहीर प्रात्यक्षिक फसले आणि त्यांची टर उडाली. पण त्यांचे एकेकाळचे भागीदार विल्यम मॉर्टन, तेही दंतवैद्यच, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच शहरातल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये इथरची भूल यशस्वीपणे दाखवून गेले. पुढे १८८४ च्या सुमारास कोकेनने जबड्याची नेमकी नस बधिर करता येते हे ध्यानात आले. कोकेनचे धोके लवकरच दिसले, तेव्हा १९०५ च्या सुमारास प्रोकेन आले. १९४३ साली स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन तयार केले. आपल्या गावातला दंतवैद्य आज टोचतो ते बहुधा हेच औषध. १९५७ मध्ये हवेच्या दाबावर चालणारे एअरोटर बाजारात आले. जुनी पट्ट्यावर चालणारी यंत्रे मिनिटाला काही हजार फेरे घेत आणि सारा जबडा हादरवून सोडत. हे नवे यंत्र मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे घेते, सोबत पाण्याचा फवारा असतो आणि काम काही मिनिटांत उरकते.

म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत दाताच्या उपचारातले दुखणे खूपच आटोक्यात आले. भीती केवळ दुखण्यातून येत असती, तर एव्हाना ती नाममात्र उरायला हवी होती. तसे झालेले नाही. भीती मोजण्यासाठी पाच प्रश्नांची एक साधी प्रश्नावली जगभर वापरली जाते: उद्या दंतवैद्याकडे जायचे असेल तर कसे वाटेल, बाहेर बाकावर बसलेले असताना कसे वाटेल, दात कोरला जाणार असेल, दात साफ केले जाणार असतील, हिरडीत इंजेक्शन दिले जाणार असेल तर कसे वाटेल. प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण आणि बेरीज १९ किंवा अधिक भरली तर भीती टोकाची समजायची. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००९ साली झालेल्या प्रौढांच्या दंतआरोग्य पाहणीत १२ टक्के लोक या टोकाच्या गटात निघाले. जिथे सरकारी आरोग्यसेवेतून दातांचे उपचार मिळतात, उत्तम भूल सहज उपलब्ध आहे, तिथे दर आठांत जवळपास एक जण! तेव्हा भीतीचे मूळ दुखण्याव्यतिरिक्त आणखी कशात तरी असले पाहिजे. ते शोधू गेल्यावर तीन गोष्टी हाती लागतात: अपेक्षा, अनुभवांचा क्रम आणि असहायता.

पहिली गोष्ट अपेक्षा. गेरी केंट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांना तीनदा विचारले गेले. उपचाराआधी: किती दुखेल असे वाटते? उपचार संपताच: किती दुखले? आणि तीन महिन्यांनी: तेव्हा किती दुखले होते? न घाबरणाऱ्यांची तीन महिन्यांनंतरची आठवण प्रत्यक्ष अनुभवाच्या जवळ राहिली. घाबरणाऱ्यांचे वेगळेच झाले. त्यांना जितके दुखेल असे वाटले होते, तितके प्रत्यक्षात दुखले नव्हते; पण तीन महिन्यांनी त्यांची आठवण अनुभवाला सोडून मूळच्या अपेक्षेकडे सरकलेली आढळली. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. घाबरणाऱ्या माणसाला चांगला अनुभव येतो, पण तो टिकत नाही, भीती त्याला मागाहून पुसून टाकते. म्हणून ‘एकदा जाऊन ये, कळेल काही होत नाही’ हा सल्ला अर्धवट आहे. एकदा जाऊन आल्यावर त्याच संध्याकाळी प्रत्यक्षात काय झाले ते दोन ओळींत लिहून ठेवावे आणि पुढच्या वेळी जाण्याआधी वाचावे, हा सल्ला त्यापेक्षा शास्त्राला धरून आहे.

अपेक्षा केवळ स्वतःच्या मनातून उगवत नाही, आजूबाजूचे लोक तिला खतपाणी घालतात. वरची दाढ काढली की नजर अधू होते, हे आपल्याकडे आजही ऐकू येते. वास्तविक दातांची संवेदना वाहणारी नस आणि दृष्टीची नस या दोन वेगळ्या नसा आहेत. दाढ काढल्याने दृष्टीच्या नसेला काहीही होत नाही. गैरसमज होतो तो वयामुळे: दाढा काढायची वेळ आणि चष्म्याचा नंबर वाढायची वेळ आयुष्यात साधारण बरोबरच येते. दुसरी समजूत अशी की दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात. इथे तर क्रमच उलटा लावला जातो. दातांवर दगडासारखा घट्ट थर बसतो, त्याच्या आड हिरड्या आणि हाड झिजत जाते. थर काढला की आधीच झालेली झीज उघडी पडते. दोष मात्र साफ करणाऱ्याच्या माथी येतो. अशा समजुतींना हसून काही साधत नाही. ज्याला मनापासून वाटते की नजर जाईल, त्याची भीती त्याच्या माहितीच्या मानाने अगदी रास्त असते. माहिती बदलायला हवी, माणूस बदलायची गरज नाही.

दुसरी गोष्ट अनुभवांचा क्रम. एकच दुखरा अनुभव दोघांना आला, तर एक जण आयुष्यभर धसका घेतो आणि दुसरा आठवड्याभरात विसरतो, असे का होते? ग्रॅहम डेव्ही यांनी १९८९ मध्ये या प्रश्नाचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. त्यांना असे दिसले की ज्यांना दुखरा अनुभव येऊनही भीती जडली नाही, त्यांच्या खात्यात त्याआधी न दुखलेल्या बऱ्याच भेटी जमा होत्या. ज्यांची सुरुवातच दुखण्याने झाली, त्यांच्यात धसका अधिक दिसला. आता आपल्या घरांकडे पाहा. मूल पहिल्यांदा दंतवैद्याकडे कधी जाते? गाल सुजला, रात्रभर रडले, की मग. म्हणजे ओळख होते तीच ठणकत्या दाढेसह, झोप न झालेल्या अवस्थेत, घाबरलेल्या आईबापांच्या हाताला धरून. त्यात ‘गप्प बसला नाहीस तर डॉक्टरांना सुई टोचायला सांगेन’ ही धमकी कित्येक घरांत आधीच देऊन झालेली असते आणि ‘काही करणार नाहीत, नुसतं बघणार आहेत’ हे खोटे आश्वासन वाटेत दिलेले असते. बालदंततज्ज्ञ सांगतात की पहिला दात आल्यावर सहा महिन्यांत, फार तर मूल वर्षाचे होईपर्यंत त्याला एकदा दाखवावे. त्या वयात करायचे असे जवळपास काहीच नसते, आणि काही न करण्यातच त्या भेटीचे सार आहे. न दुखलेल्या भेटी आधी साठल्या की पुढे एखादी दुखरी भेट पचते.

तिसरी गोष्ट असहायता, आणि माझ्या मते तीच सर्वांत दुर्लक्षित राहिली आहे. खुर्चीतल्या माणसाची स्थिती कशी असते पाहा. तो उताणा आहे. तोंड उघडे असल्याने बोलता येत नाही. जे चालले आहे ते त्याच्या तोंडात, म्हणजे त्याला मुळीच न दिसणाऱ्या जागी चालले आहे. आवाज मात्र कवटीतून घुमतो. अजून किती वेळ, पुढे काय, दुखले तर काय करायचे, यातले काही त्याला ठाऊक नाही. अशा स्थितीत शरीराने सावध होणे ही नैसर्गिक गोष्ट आहे. संशोधनात पुन्हा पुन्हा असे आढळले आहे की सूत्रे आपल्या हाती असावीत असे ज्यांना तीव्रतेने वाटते आणि तरीही इथे ती अजिबात नाहीत असे जाणवते, त्यांना सर्वांत जास्त त्रास होतो. एरवी कर्तबगार, दहा जणांना कामाला लावणारी माणसे दंतवैद्याच्या दारात का थबकतात, याचा उलगडा यातून होतो. हिमतीची कमतरता हे कारण त्यांना लागूच पडत नाही.

या तीन गोष्टींतून भीती जन्मते. तिला मोठे करते ते टाळणे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे उल्फ बेरग्रेन यांनी १९८४ मध्ये हे चक्र मांडले आणि ऑस्ट्रेलियात जेसन आर्मफील्ड आणि सहकाऱ्यांनी हजारो लोकांच्या पाहणीवरून २००७ मध्ये त्याला दुजोरा दिला: ज्यांना भीती अधिक, ते कमी वेळा जातात, त्यांची तोंडाची अवस्था अधिक बिघडलेली असते, आणि जातात ते दुखू लागल्यावरच. या चक्राची कळ अशी की टाळण्याला ताबडतोब बक्षीस मिळते. ठरलेली वेळ फोन करून रद्द केली की क्षणात हायसे वाटते, आणि मन शिकते की टाळणे बरे. आपल्या घरच्या उपायांनी हे बक्षीस आणखी पक्के होते. लवंगेच्या तेलाने ठणका खरोखर कमी होतो. त्यातले युजेनॉल दंतवैद्यही वापरतात. पण कीड जिथल्या तिथे राहते. कोकणापासून विदर्भापर्यंत दातदुखीवर मिश्री लावणाऱ्या बायका आहेत. तंबाखूने दुखणे क्षणभर दबते आणि व्यसन मात्र कायमचे लागते. शिवाय दाताची स्वतःचीही एक फसवी चाल असते. कीड नसेपर्यंत पोचली की बंद, कठीण पोकळीत सूज येते, पसरायला जागा नसते, म्हणून रात्री आडवे झाले की ठणका वाढतो. काही दिवसांनी नस मरते आणि दुखणे आपोआप थांबते. माणूस म्हणतो, बरे झाले, गेलो नाही ते! प्रत्यक्षात जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरायला लागलेले असतात.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. ‘हे सगळे मानसशास्त्र ठीक आहे, पण लोकांना खरेच दुखले आहे, त्याचे काय? इंजेक्शन देऊनही दाढ बधिर झाली नाही, असे सांगणारे थोडे नाहीत.’ ते खरे सांगतात. सुजलेल्या भागात आम्लता वाढते आणि तिथे भुलीचे औषध नसेच्या आत नीट शिरत नाही. खालच्या दाढेची नस पेटलेली असेल तर हा अनुभव विशेष येतो. पण या वस्तुस्थितीतून निष्कर्ष कोणता निघतो ते पाहा. भूल कमी पडते ती उशिरा आलेल्या, सुजलेल्या दाढेत. वरवरची कीड भरायला आलेल्या माणसाला पुष्कळदा इंजेक्शनही लागत नाही. म्हणजे ज्या दुखण्याच्या भीतीने माणूस जात नाही, नेमके तेच दुखणे न जाण्याने ओढवले जाते. शिवाय अशा वेळी आणखी भूल देणे, दुसऱ्या जागी टोचणे, आधी औषधांनी सूज उतरवून मग काम करणे, असे मार्ग आहेत. दुखत असताना ‘थोडं सहन करा’ म्हणत काम रेटणे हा मार्ग नाही. ज्यांच्याशी तसे वागले गेले, त्यांची भीती निराधार नाही. तिला कारण आहे आणि ते कारण व्यवस्थेत आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: ‘दुखत नसेल तर जायचेच कशाला?’ कारण दाताचे वरचे आवरण बधिरच असते. तिथली कीड दुखत नाही. हिरड्यांचा आजार वर्षानुवर्षे न दुखता हाड खातो. तोंडाच्या कर्करोगाआधी गालात उमटणारा पांढरा चट्टा दुखत नाही, आणि सुपारी-गुटख्याने तोंड हळूहळू कमी उघडू लागते तेही सुरुवातीला ध्यानात येत नाही. भारतातल्या पुरुषांत आढळणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अग्रभागी आहे, आणि तो लवकर सापडावा यासाठी आरसा नि उजेड घेऊन बसलेल्या माणसासमोर तोंड उघडणे यापेक्षा सोपा उपाय नाही. २००२-०३ च्या राष्ट्रीय दंतआरोग्य पाहणीत ३५ ते ४४ वयोगटातल्या सुमारे ८० टक्के लोकांच्या दातांना कीड आढळली होती. हे सगळे काही दुखत नव्हते. दुखणे ही उशिराची सूचना आहे. तिची वाट पाहणे म्हणजे उपचार लांबवत, महाग आणि अवघड करत नेणे.

आता उपायांकडे येऊ. पहिला उपाय इतका साधा आहे की त्यावर विश्वास बसत नाही: भीती वाटते हे सांगणे. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घाबरणाऱ्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. दोन्ही गटांनी भीतीची प्रश्नावली भरली; पण एका गटाने ती दंतवैद्याच्या हाती दिली, दुसऱ्याने दिली नाही. ज्यांचा कागद दंतवैद्यापर्यंत पोचला, त्यांची अस्वस्थता भेट संपेपर्यंत अधिक उतरलेली होती. औषध नाही, यंत्र नाही, समुपदेशन नाही. समोरच्याला ठाऊक आहे, एवढाच फरक. पुढचा उपाय आगाऊ आणि खरी माहिती. मुलांसाठी ‘आधी सांगा, मग दाखवा, मग करा’ ही पद्धत १९५९ पासून शिकवली जाते. मोठ्यांना तिची गरज नाही असे कुणी ठरवले कोण जाणे. भुलीने दुखणे जाते, दाब जाणवत राहतो, हे आधी न सांगितल्यामुळे दात काढताना कित्येक जण दाबालाच दुखणे समजून दचकतात. इंजेक्शनात बहुधा ॲड्रिनलिन मिसळलेले असते, त्याने मिनिटभर छाती धडधडू शकते. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला हृदयविकाराचा झटका आल्यासारखे वाटते आणि तो पुन्हा कधी फिरकत नाही. इंजेक्शनातही सुईपेक्षा औषध भसकन सोडल्याने येणारा ताण अधिक दुखतो. आधी बधिर करणारी जेली लावून सावकाश औषध सोडणारा हात अर्धे काम करतो. रुग्णाने हे मागावे. मागण्यात वावगे काही नाही.

असहायतेवरचा उतारा म्हणजे थांबवण्याचा हक्क. डावा हात वर केला की काम थांबेल, असे आधी ठरवायचे. बहुतेक रुग्ण एकदा खात्री करून घेण्यापुरता हात वर करतात. दंतवैद्य खरोखर थांबला की पुढे फारसा वर करत नाहीत. मात्र पहिल्या वेळी ‘झालंच, एक मिनिट’ म्हणून काम चालू ठेवले तर ठरलेले सगळे वाया जाते आणि आधीपेक्षा मोठा धसका बसतो. यापुढचा उपाय टप्प्याटप्प्याने ओळख. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेले तत्त्व आजही टिकून आहे: सोप्या पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचे, मगच वरच्या पायरीवर जायचे. पहिली भेट फक्त बोलण्याची, दुसरी तपासणीची, तिसरी दात साफ करण्याची, मग कुठे भरण्याची. भेट सकाळची, शक्यतो पहिलीच घ्यावी, म्हणजे दिवसभर आणि बाहेरच्या बाकावर धास्ती साठत नाही. डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितले नसेल, तर खाऊन जावे, कारण रिकाम्या पोटी भोवळ यायची शक्यता वाढते. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या एका विभागाने तीव्र भीती असलेल्या १३० रुग्णांवर अशा पायऱ्यांच्या मानसोपचाराचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतल्या ७९ टक्के रुग्णांनी पुढे गुंगीच्या औषधाशिवाय दातांचे उपचार करून घेतले, आणि तिथवर पोचायला सरासरी पाच भेटी पुरल्या. यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तेव्हा आकड्याला डोक्यावर घेऊ नये. पण जन्माची वाटणारी भीती काही आठवड्यांत हलते, एवढे त्यातून नक्की कळते. एक अपवाद सांगायला हवा. सुई किंवा रक्त पाहून ज्यांना खरोखर भोवळ येते, त्यांना अंग सैल सोडायला सांगू नये. त्यांचा रक्तदाब एकदम उतरतो. त्यांनी हातापायांचे आणि पोटाचे स्नायू आवळून धरायचे असतात.

‘मग सरळ गुंगीच देऊन टाका, एवढा खटाटोप हवा कशाला?’ हा तिसरा आक्षेप. गुंगीला माझा विरोध नाही. अवघड अक्कलदाढ, फार लहान मूल, काही अपंगत्वे, किंवा दाराच्या आत पाऊलच टाकता न येणारी भीती, अशा वेळी ती योग्य आहे. पण पूर्ण भूल ही जोखमीची गोष्ट आहे; ब्रिटनने तर २००१ नंतर दातांसाठीची पूर्ण भूल रुग्णालयांपुरती मर्यादित केली. आणि मुख्य म्हणजे गुंगीत माणूस काही शिकत नाही. दात सुधारतो, भीती जशीच्या तशी उरते आणि पुढच्या दाताला पुन्हा गुंगी लागते. आज अडलेली दाढ सोडवायला ती चालेल. तोंडाची आयुष्यभराची काळजी घ्यायला रुग्ण जागा आणि निर्धास्त असावा लागतो.

चौथा आक्षेप थोडा वर्मावर बोट ठेवणारा आहे. ‘लोक दुखण्याला भीत नाहीत, बिलाला भितात. रूट कॅनाल आणि वर कॅप म्हटले की महिन्याचे गणित कोलमडते, आणि सांगितलेले सगळे खरेच गरजेचे आहे का याची खात्री कोण देणार?’ हा आक्षेप मी मान्य करतो, फक्त त्याची गल्लत होऊ नये असे म्हणतो. पैशाची चिंता मानसोपचाराने जात नाही. ती लेखी अंदाजपत्रकाने, एक्स-रे दाखवून केलेल्या खुलाशाने, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याच्या मोकळिकीने कमी होते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत रुग्णालय, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय इथे खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात उपचार होतात. आणि लाजेचेही थोडे बोलले पाहिजे. ‘इतके दिवस काय करत होतात?’ हे वाक्य ऐकायला लागू नये म्हणून न जाणारे पुष्कळ आहेत. बिघडलेले तोंड ज्या दिवशी माणूस दाखवतो, तो त्याच्या टाळाटाळीचा शेवटचा दिवस असतो. त्याच दिवशी त्याला बोल लावणे म्हणजे परत जायची वाट दाखवणे.

उरला दंतवैद्यांचा आक्षेप, आणि तो मी हलका मानत नाही. ‘बाहेर रांग लागलेली असते. ओपीडीत एकेका रुग्णाला मिनिटे मोजून मिळतात. भीतीशी बोलत बसायला वेळ कुठून आणायचा?’ पण वेळ आजही खर्च होतोच आहे. ठरवून न येणारा रुग्ण, खुर्चीत दर क्षणी डोके मागे घेणारा रुग्ण, अर्ध्यावर रूट कॅनाल सोडून गायब झालेला आणि सहा महिन्यांनी गाल सुजवून परतलेला रुग्ण, यांच्यावर जाणारा वेळ कोणत्या खात्यात मांडायचा? पाच प्रश्न बाहेर बसल्याबसल्या भरून होतात. हाताची खूण ठरवायला अर्धे मिनिट लागते. प्रत्येक रुग्णाला लांबलचक समुपदेशन हवे असे कुणीच म्हणत नाही. ते कुणाला हवे हे ओळखण्यासाठी मात्र आधी विचारावे लागते.

म्हणून समारोपाला एक छोटी, अमलात आणण्याजोगी मागणी ठेवतो. दंतवैद्याकडे गेल्यावर केसपेपर भरला जातो. त्यात मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, असे रकाने असतात. हे विचारताना रुग्णाला कुणी भित्रा किंवा शूर ठरवत नाही. उपचार सुरक्षित व्हावा म्हणून विचारतात. त्याच ओळीत आणखी एक रकाना हवा: दातांच्या उपचाराची भीती वाटते का, वाटत असेल तर नेमकी कशाची? सुईची, आवाजाची, श्वास कोंडण्याची, बोलणी खाण्याची की खर्चाची? प्रत्येक उत्तरावरचा उपाय वेगळा आहे आणि तो दंतवैद्याच्या आवाक्यातला आहे. सभागृहात दंतवैद्य असतील त्यांनी हा रकाना उद्या छापून घ्यावा, दंत महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना तो भरून घ्यायला शिकवावा. आणि जिथे तो छापलेला नसेल, तिथे रुग्णाने केसपेपरच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या हाताने तेवढी एक ओळ लिहावी. धाडस करायचेच असेल तर तेवढे पुरे आहे. पुढचे काम व्यवस्थेने करायचे आहे.